पदवी नसताना परदेशात इंग्रजी शिकवायचंय? मग सुरुवात व्हिसाच्या नियमांपासून करा

परदेशात इंग्रजी शिकवायला कॉलेजची पदवी लागते का? काही देशांत लागते, काही देशांत लागत नाही, आणि काही देशांत कायद्याला लागत नसली तरी शाळा मागतात. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्याला तुमच्या पदवीशी काही देणंघेणं नसतं. पदवी मागतं ते इमिग्रेशन खातं, कामगार मंत्रालय, कधी शिक्षक परिषद. म्हणून पदवी नसलेल्या माणसानं आधी कायदा वाचावा, त्यावरून देश ठरवावा आणि मग नोकरी शोधावी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात. फेसबुकवर नोकरी दिसते, मन तिथे गुंततं आणि व्हिसाचं "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलं जातं. पुढचे सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आधी बंद दारं ओळखा

दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा व्हिसा म्हणजे ई-2. त्याला बॅचलर पदवी लागते आणि सर्वसाधारणपणे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका यांपैकी एखाद्या देशाचा पासपोर्टही. चीनमध्ये शिक्षकाच्या वर्क परमिटसाठी पदवी हवीच. व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र दोन्ही मागतात. थायलंडमध्ये औपचारिक शाळेत शिकवायचं तर पदवीसोबत 'कुरुसपा' या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिची तात्पुरती सूट लागते. आखाती देशांतल्या शाळांचीही हीच गत. या देशांतून "पदवीची गरज नाही, लगेच या" अशी जाहिरात आली, तर ती बेकायदा कामाची जाहिरात आहे असं धरून चाला.

दोन देशांबद्दल मात्र जरा बारकाईनं वाचायला हवं. परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला नेणारा जपानचा सरकारी 'जेट' कार्यक्रम पदवीशिवाय कुणाला घेत नाही. पण खासगी भाषाशाळांतले शिक्षक ज्या वर्क व्हिसावर येतात, त्याच्या नियमांत एक पर्यायी वाट आहे: पदवी नसेल तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव. तो कागदोपत्री सिद्ध करावा लागतो आणि शाळेचीही तेवढी खटपट करायची तयारी लागते. तरी दार बंद नाही. तैवानच्या खासगी शिकवणीवर्गांत, ज्यांना तिथे 'बुशिबान' म्हणतात, चार वर्षांच्या पदवीऐवजी दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि सोबत टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र चालतं. कॉलेज अर्ध्यात सोडलं असेल पण हातात अशी पदविका असेल, तर ती कपाटातून बाहेर काढा.

उघडी आणि अर्धवट उघडी दारं

आग्नेय आशियात पदवी नसलेल्यांचं नाव घेतलं की कंबोडिया आठवतो, आणि ते खरंही आहे. नॉम पेन्ह आणि सिएम रीपमधल्या अनेक खासगी शाळांनी आणि भाषाकेंद्रांनी आजवर पदवीशिवाय शिक्षक घेतले आहेत. चांगल्या शाळा अलीकडे पदवी मागू लागल्या आहेत, त्यामुळे इथे प्रमाणपत्राला आणि अनुभवाला वजन येतं. प्रवेश 'ई' वर्गाच्या व्हिसावर घ्यायचा, टुरिस्ट व्हिसावर घ्यायचा नाही. तिथे पोचल्यावर त्याची 'ईबी' मुदतवाढ आणि मग कामगार मंत्रालयाचा वर्क परमिट. मुदतवाढ मिळाली म्हणजे कामाची परवानगी मिळाली असं समजून अनेक जण थांबतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

लॅटिन अमेरिकेत मेक्सिको, पेरू, इक्वाडोर, अर्जेंटिना या देशांतल्या खासगी भाषासंस्था पदवीपेक्षा तुमचं इंग्रजी आणि शिकवण्याची हातोटी पाहतात. कंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन कर्मचाऱ्यांना शिकवण्याचं कामही तिथे भरपूर असतं. अडचण येते ती व्हिसाची. छोट्या संस्था व्हिसाची जबाबदारी घेत नाहीत आणि शिक्षक टुरिस्ट व्हिसावर काम करत राहतात. हे इतकं सर्रास चालतं की नवख्याला ते कायदेशीर वाटू लागतं. ते कायदेशीर नाही. पगार बुडाला तर दाद मागता येत नाही आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली पडू शकते. मेक्सिकोपुरती एक सोपी कसोटी आहे. शाळेला परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा असेल, तर तिची नोंदणी तिथल्या राष्ट्रीय स्थलांतर संस्थेकडे असावी लागते. तो नोंदणीचा दाखला आहे का, एवढं पहिल्याच पत्रात विचारा. दाखला असलेली शाळा "हो" म्हणेल आणि पुढची प्रक्रिया सांगेल: संस्थेची मंजुरी, वकिलातीत मुलाखत, आणि देशात उतरल्यापासून 30 दिवसांत रहिवासी कार्डासाठी अर्ज. बाकीच्या शाळा विषय बदलतील.

युरोपात चेक प्रजासत्ताकाची पद्धत वेगळी आहे. प्रागमधले कितीतरी इंग्रजी शिक्षक नोकर नसतात, स्वतंत्र व्यावसायिक असतात. त्यासाठी व्यवसाय परवाना काढावा लागतो, बोलीभाषेत 'झिव्नो', आणि त्याला पदवीची अट नाही. एक शाळा आठवड्याला सहा तास देते, दुसरी आठ, उरलेले तास खासगी विद्यार्थ्यांचे. सकाळी एका कार्यालयात वर्ग, संध्याकाळी दुसऱ्या टोकाला. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला व्यवसायासाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा वकिलातीतून काढावा लागतो. राहण्याच्या जागेचा पुरावा, पैशांचा पुरावा, चेक भाषेत भाषांतरित कागद या सगळ्याला महिने जातात. शिवाय कर, आरोग्य विमा आणि सामाजिक विमा तुमचा तुम्ही भरायचा. ज्याला हिशेब ठेवायचा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

वर्किंग हॉलिडे व्हिसा, म्हणजे फिरता फिरता कामही करू देणारा व्हिसा, ही तरुणांसाठी सगळ्यात सुटसुटीत वाट आहे. तो दोन देशांतल्या करारावर चालतो, वयाची अट बहुधा 18 ते 30 असते आणि बऱ्याच करारांत पदवी लागत नाही. पण सगळ्याच देशांच्या वर्किंग हॉलिडेवर भाषा शिकवायला परवानगी नसते, तेवढी ओळ करारात शोधा. उन्हाळी इंग्रजी शिबिरं हीही चांगली सुरुवात आहे, विशेषतः इटली आणि ऑस्ट्रियात. काही आठवडे मुलांना खेळांतून, गाण्यांतून, नाटकांतून इंग्रजी शिकवायचं. पैसा बेताचा मिळतो, पण मुलांचा वर्ग सांभाळायची सवय होते.

मातृभाषा इंग्रजी नसेल तर

जाहिरातीत "फक्त नेटिव्ह स्पीकर" लिहिलेलं वाचून पुष्कळ चांगले शिक्षक अर्जच करत नाहीत. मला हे फार खटकतं. 'टेसोल' या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2006 मध्ये या भेदभावाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं, आणि युरोपीय आयोगानं 2002 मध्येच सांगितलं की युरोपीय संघात अशी अट घालणं मान्य होण्यासारखं नाही. तरीही बाजारात ही अट दिसते आणि काही देशांत ती व्हिसाच्या नियमातच आहे. जिथे ती कायद्यात आहे तिथे वेळ घालवू नका. जिथे ती फक्त शाळेची सवय आहे तिथे पुरावा पुढे करा. सी1 किंवा सी2 पातळीचा, म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या सगळ्यात वरच्या दोन पातळ्यांचा, परीक्षेचा निकाल, उदाहरणार्थ आयेल्ट्स किंवा केंब्रिजची सी2 प्रोफिशियन्सी, आणि सोबत तुमच्या वर्गाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. इंग्रजी स्वतः शिकलेल्या माणसाला विद्यार्थी कुठे अडखळतो ते आतून माहीत असतं. मुलाखतीत हे ठोस उदाहरण देऊन सांगा.

प्रमाणपत्र: इथे काटकसर करू नका

पदवी नसलेल्यासाठी टेफल प्रमाणपत्र हेच सगळ्यात मोठं भांडवल. आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते, कारण 'टेफल' हे कुणा एका संस्थेचं नाव नाही. कुणीही कोर्स काढू शकतो, आणि त्याला मान्यता देणारी मंडळंही कुणीही काढू शकतो.

दोन प्रमाणपत्रं जगभर निःशंकपणे ओळखली जातात: केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसोल. दोन्ही ब्रिटनच्या पात्रता चौकटीत पाचव्या पातळीवर आहेत आणि पूर्णवेळ केली तर साधारण चार-पाच आठवड्यांत होतात. सेल्टासाठी वयाची 18 वर्षं पूर्ण, उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकं शालेय शिक्षण आणि चांगलं इंग्रजी लागतं. पदवीची अट नाही. प्रवेशाआधी लेखी काम आणि मुलाखत असते. अनेक जण तिथेच गळतात, म्हणून व्याकरणाची उजळणी करून जा.

या दोन्ही कोर्सचा जीव आहे तो 6 तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनात. समोर खरे विद्यार्थी असतात, मागे प्रशिक्षक टिपणं घेत बसलेला असतो, आणि तास संपला की सहाध्यायांसमोर तुमच्या तासाची चिरफाड होते. सर्टटेसोलमध्ये आणखी एक सुंदर गोष्ट आहे: तुम्हाला एक पूर्ण अनोळखी भाषा काही तास शिकवली जाते. शिक्षकाचं एकही वाक्य कळत नसताना बाकावर बसणं म्हणजे काय, ते त्या तासांत कळतं. नंतर पहिल्याच पातळीचा वर्ग समोर आला की याचा फार उपयोग होतो.

ऑनलाइन 120 तासांचे कोर्स स्वस्त असतात, आणि कंबोडिया किंवा लॅटिन अमेरिकेत बऱ्याच शाळांना तेवढं पुरतंही. तो घ्यायचा असेल तर प्रत्यक्ष किंवा थेट ऑनलाइन अध्यापनाची जोड असलेला घ्या, आणि तुमचं लेखी काम माणूस तपासतो की फक्त प्रश्नमंजुषा आहे ते विचारा. दुपारी सुरू करून रात्री प्रमाणपत्र हातात देणारा कोर्स शाळेलाही कळतो. पण पदवीही नाही आणि प्रमाणपत्रही हलकं, अशा जोडीनं स्पर्धेत टिकणं अवघड आहे. सेल्टाचा खर्च बहुतेक केंद्रांत दीड हजार डॉलरच्या वर जातो. जमत असेल तर तोच करा असं मी आग्रहानं सांगेन. ज्या देशात नोकरी करायचीय तिथल्याच केंद्रात केला तर आणखी बरं, कारण तिथल्या शाळांशी ओळखी होतात आणि केंद्रही नोकरी शोधायला मदत करतं.

बनावट पदवी विकत घेण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. पदवीची पडताळणी होते, आणि पकडलं गेल्यावर प्रकरण नोकरी जाण्यावर थांबत नाही, फौजदारी गुन्हा आणि हकालपट्टीपर्यंत जातं.

निघण्याआधी वर्गाचे तास जमवा

प्रमाणपत्रानंतर लगेच अर्ज करण्यापेक्षा काही महिने कुठे ना कुठे शिकवा. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, सार्वजनिक ग्रंथालयांतले संभाषणगट, शेजारची मुलं, काहीही चालेल. प्रत्येक तासाची नोंद ठेवा: तारीख, विद्यार्थ्यांचं वय, पातळी, काय शिकवलं. संस्थेच्या प्रमुखाकडून सहीचं पत्र घ्या.

ऑनलाइन शिकवणं हा दुसरा मार्ग. जुलै 2021 मध्ये चीननं खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, परदेशात बसलेल्या शिक्षकांचे ऑनलाइन वर्गही त्यात बंद झाले आणि मोठा बाजार एका फटक्यात आटला. आज प्रेप्ली, आयटॉकीसारख्या मंचांवर पदवीशिवाय नाव नोंदवता येतं. आयटॉकीवर व्यावसायिक शिक्षक आणि सामुदायिक शिक्षक असे दोन वर्ग आहेत, प्रमाणपत्र नसेल तर दुसऱ्यात जागा मिळते. प्रेप्लीवर नव्या विद्यार्थ्याच्या चाचणी तासाचे सगळे पैसे मंच घेतो. पुढे कमिशन 33 टक्क्यांपासून सुरू होतं आणि तुमचे तास वाढत जातात तसं 18 टक्क्यांपर्यंत उतरतं. दर ठरवताना हे धरून ठरवा. आणि परदेशात टुरिस्ट व्हिसावर राहून ऑनलाइन शिकवणं हेही अनेक देशांत काम समजलं जातं.

अर्ज आणि डेमो तास

अर्जात पदवीच्या रकान्याभोवती शब्दांचा खेळ करू नका. जे शिक्षण आहे ते सरळ लिहा आणि त्याच्या वर प्रमाणपत्र, अध्यापनाचे तास, कोणत्या वयोगटाला आणि कोणत्या पातळीला शिकवलंय ते मांडा. एक पान पुरे. आधीच्या नोकऱ्याही कामाच्या असतात: हॉटेलात काम केलेला माणूस हॉटेल कर्मचाऱ्यांना लागणारं इंग्रजी उत्तम शिकवतो, आणि अशा शिक्षकांना मागणी आहे.

खरी निवड होते ती डेमो तासात, म्हणजे शाळेसमोर नमुन्यादाखल घेतलेल्या तासात. वीस-तीस मिनिटं मिळतात. त्यात नवखे शिक्षक फळ्यावर नियम लिहून समजावत बसतात, आणि समोरचे माना डोलावतात. समजा, 'यूज्ड टू' शिकवायचंय. आधी दोन चित्रं दाखवा: एक माणूस पूर्वीचा, हातात सिगारेट, तोच माणूस आज, पळायला निघालेला. विद्यार्थ्यांकडूनच वाक्य काढून घ्या, "ही यूज्ड टू स्मोक." मग "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. तीन छोटे प्रश्न विचारा. तो आता सिगारेट ओढतो का? नाही. पूर्वी ओढायचा का? हो. एकदाच की पुष्कळदा? पुष्कळदा. या तीन उत्तरांत अर्थ कळला की नाही ते उघडं पडतं. त्यानंतर उच्चार: बोलताना दोन शब्द जोडले जाऊन 'यूस्टू' होतात, ते दोन-चार वेळा सगळ्यांकडून म्हणून घ्या. फळ्यावरचं लिखाण त्यानंतर.

मग सरावाचं काम. प्रत्येकानं लहानपणाबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी आणि एक खोटं, जोडीदारानं खोटं ओळखायचं. इथे एक बारीक गोष्ट परीक्षकाच्या लगेच डोळ्यांत भरते: सूचना देऊन होईपर्यंत कागद वाटू नका. कागद हातात पडला की कुणी ऐकत नाही. सूचना दिल्यावर तपासा: एकट्यानं की जोडीनं? लिहायचं की बोलायचं? किती खोटी वाक्यं? काम सुरू झालं की तुम्ही गप्प राहायचं, फिरत चुका टिपायच्या आणि शेवटी त्यांतल्या दोन-तीन फळ्यावर घेऊन वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. हे ज्याला जमतं त्याच्या पदवीची चौकशी पुष्कळ ठिकाणी मागे पडते.

भरतीचा हंगामही पाहा. युरोपात शाळा सप्टेंबरच्या आसपास माणसं घेतात, थोडी भरती जानेवारीत होते. कंबोडियातली भाषाकेंद्रं वर्षभर घेत असतात.

करार वाचताना

"आठवड्याला 25 तास" म्हणजे वर्गातले 25 तास की कामाचे? तयारी, वह्या तपासणं, पालकसभा धरून ते कितीतरी जास्त होतात. विद्यार्थ्यानं ऐनवेळी तास रद्द केला तर पैसे मिळतात का? सुट्यांचे महिने बिनपगारी आहेत का? वर्क परमिटचा खर्च कोण देतो? नोकरी मध्येच सोडली तर दंड आहे का आणि किती? दोन वर्गांच्या मध्ये पाच तासांची पोकळी असेल तर दिवस सकाळी सातला सुरू होऊन रात्री नऊला संपतो, म्हणून वेळापत्रकाचा नमुना मागून घ्या. आणि त्या शाळेत सध्या शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी दहा मिनिटं बोलायची परवानगी मागा. चांगली शाळा ती आनंदानं देते.

नोकरी देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागणारा, पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेऊ पाहणारा आणि "टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून देऊ" म्हणणारा, या तिघांना नकार द्यायचा. यातल्या शेवटच्याला अपवाद आहे: काही देशांत देशात राहून व्हिसाचा प्रकार खरंच बदलता येतो. पण ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा वकिलातीकडून कळायला हवं, भरती करणाऱ्याच्या तोंडून नको.

कागद आणि पैसे

शालेय प्रमाणपत्र, टेफल प्रमाणपत्र आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र यांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तुमच्या सरकारचा शिक्का, लागू शकतं. 1961 च्या हेग करारात सामील असलेल्या देशांत हा एक शिक्का पुरतो. बाकीच्या देशांसाठी वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं, त्याला जास्त वेळ जातो. पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा, कारण अनेक ठिकाणी तो 3 किंवा 6 महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. मूळ कागद कुणालाही कायमचे देऊन टाकू नका.

पहिला पगार काम सुरू केल्यावर महिन्याभरानं, कधी त्याहून उशिरा येतो, आणि त्याआधी घराची अनामत, व्हिसाचं शुल्क, विमा भरायचा असतो. तिथल्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आणि परतीचं तिकीट निघेल एवढे पैसे वेगळे ठेवून मगच निघा. हे पैसे नसले की माणूस वाईट नोकरीला चिकटून राहतो.

पहिल्या वर्षानंतर

एक-दोन वर्षं शिकवल्यावर पुढची पायरी चढता येते. केंब्रिजचा डेल्टा आणि ट्रिनिटीचा डिपटेसोल हे त्याच ब्रिटिश चौकटीत सातव्या पातळीचे डिप्लोमा आहेत, आणि ते असलेल्या शिक्षकाला भाषासंस्थांत वरिष्ठ शिक्षक किंवा प्रशिक्षक होण्याची वाट मिळते. तरीही कोरिया, चीन, व्हिएतनाम यांचं दार डिप्लोमानं उघडत नाही, तिथे पदवीच लागते. शिकवता शिकवता दूरशिक्षणानं पदवी करणारे बरेच शिक्षक आहेत. ती सुरू करण्याआधी तुमच्या मनातला देश दूरशिक्षणाची पदवी मानतो का ते तपासा, काही देश मानत नाहीत.

आणि प्रत्येक नोकरी सोडताना, शेवटचा पगार हातात पडण्याआधीच, शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या वयोगटाला, कोणत्या पातळीला, पूर्णवेळ की अर्धवेळ, खाली सही, शिक्का आणि संपर्काचा पत्ता. जपानसाठी 3 वर्षांचा अनुभव दाखवायची वेळ आली की हीच पत्रं मागतात, आणि तोवर एखादी जुनी शाळा बंद झालेली असू शकते.